पडद्यावरची कॅज्युअल्टी

संध्याकाळी सातच्या सुमारास परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात उभे राहिले, तर डॉक्टर फारसे दिसत नाहीत. दिसतात ते नातेवाईक. एकाच्या काखेत एक्स-रेचे मोठे पाकीट, दुसऱ्याच्या मुठीत रक्ताच्या नळ्या आणि त्यांना गुंडाळलेला फॉर्म. एक जण गावाकडे फोन करून रेशनकार्डाचा फोटो मागतो आहे, दोन्ही बाजूंचा आणि नीट वाचता येईल असा. सरकारी आरोग्य योजनेत नाव बसवायचे तर तो आजच लागणार. झाडाखाली वर्तमानपत्र अंथरून एक कुटुंब डबा खाते आहे. बाजूला वाडिया रुग्णालय, रस्त्यापलीकडे टाटा. परळच्या या तुकड्यात कोकणापासून बिहारपर्यंतची माणसे आपला नंबर लागण्याची वाट बघत असतात.

टीव्हीवरचे रुग्णालय याच्या बरोबर उलट. तिथे डॉक्टरच डॉक्टर असतात आणि नातेवाईक एखाद-दुसरा, तोही काचेपलीकडे हात जोडून उभा.

संपादकांनी या दिवाळी अंकासाठी 'पांढरा कोट' हा विषय दिला आणि टीव्हीवरचा डॉक्टर माझ्या वाट्याला आला. निमित्तही ताजे होते. सप्टेंबर २०२५मध्ये 'द पिट' या अमेरिकी मालिकेला सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा एमी पुरस्कार मिळाला आणि मुंबईतले निवासी डॉक्टरसुद्धा ती मोबाइलवर बघताहेत असे कानावर आले. म्हणून रात्री मालिका पाहायच्या आणि संध्याकाळी रुग्णालयांच्या आवारात, कँटीनमध्ये, वसतिगृहाच्या पायऱ्यांवर बसून डॉक्टरांशी बोलायचे, असा क्रम ठेवला. ज्यांच्याशी बोललो त्यांची नावे इथे दिलेली नाहीत. नोकरीत असताना माध्यमांशी बोलायला परवानगी लागते, आणि परीक्षा सरांच्याच हातात असते.

वीस वर्षे पडून राहिलेली संहिता

आजच्या बहुतेक रुग्णालय-मालिकांचे मूळ एका वैद्यकीय विद्यार्थ्याच्या अनुभवात सापडते. मायकेल क्रायटन हार्वर्डमध्ये डॉक्टर झाला, पण डॉक्टरकी न करता कादंबऱ्या लिहू लागला. विद्यार्थी असताना इमर्जन्सी विभागात जे पाहिले त्यावर त्याने १९७४मध्ये चित्रपटाची संहिता लिहिली. ती कुणी घेईना. पात्रे फार, रोगी त्याहून जास्त, एक गोष्ट धड संपायच्या आत दुसरी सुरू, आणि वैद्यकीय शब्दांचा मारा. पुढे स्टीव्हन स्पीलबर्गने ती हातात घेतली. मध्ये 'जुरासिक पार्क' झाला. आणि शेवटी १९ सप्टेंबर १९९४ रोजी एनबीसी वाहिनीवर 'ईआर' सुरू झाली. वीस वर्षांपूर्वीच्या त्या संहितेत बदल करावे लागले ते अगदी थोडे. एक पुरुष डॉक्टर स्त्री झाला, एक डॉक्टर कृष्णवर्णीय झाला आणि लांबी कमी केली. औषधे बदलली होती. कॅज्युअल्टीचा गोंधळ तसाच होता.

'ईआर'ने तोपर्यंतचा टीव्हीवरचा डॉक्टर मोडून टाकला. त्याआधीचा डॉक्टर शहाणा, निवांत, रुग्णाच्या उशाशी बसून समजावणारा असे. 'ईआर'मध्ये कॅमेरा माणसाच्या अंगावर बांधलेला, तो ट्रॉलीबरोबर धावायचा, दारातून आत शिरायचा, टेबलाभोवती फिरायचा. डॉक्टर एकमेकांना जे ओरडून सांगत, त्याचा अर्थ कुणी उलगडून दाखवत नसे. प्रेक्षकाला शब्द कळायची गरज नसते, बोलणाऱ्याची घाई कळली की पुरते, हे या मालिकेने ओळखले. लेखकांच्या खोलीत खरे डॉक्टर बसलेले असत.

त्यातल्याच एकाने, लान्स जेन्टाइल या इमर्जन्सी डॉक्टरने, पहिल्याच वर्षी एक भाग लिहिला. गरोदर बाई लघवीच्या त्रासाची तक्रार घेऊन येते. कर्तबगार, सगळ्यांचा लाडका डॉक्टर ग्रीन मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग ठरवून तिला घरी पाठवतो. खरे दुखणे असते गरोदरपणातल्या वाढलेल्या रक्तदाबाचे. ती झटके येऊन परत येते आणि पुढचा सगळा भाग म्हणजे त्या एका चुकीने ओढत नेलेली रात्र. बाळ वाचते, आई जाते. नायकाची चूक, आणि ती सावरायला कुणी येत नाही. इतका निर्दय भाग आपल्याकडच्या कुठल्याही वाहिनीने आजही मंजूर करणार नाही, असे माझे मत आहे.

'ईआर' २००९पर्यंत चालली, ३३१ भाग. तिच्यात नोहा वायली हा नट घाबरट वैद्यकीय विद्यार्थी म्हणून आला होता. 'द पिट'मध्ये तोच आता पिट्सबर्गच्या एका रुग्णालयाच्या इमर्जन्सीचा प्रमुख आहे. दाढी पिकलेली, डोळे थकलेले. पंधरा तासांची एक ड्यूटी आणि तिचे पंधरा भाग, म्हणजे दर भागात एक तास सरकतो. पार्श्वसंगीत जवळजवळ नाही. पण मुंबईच्या डॉक्टरांना त्यात ओळखीचे वाटले ते वेगळेच. बाहेर प्रतीक्षाकक्ष तुडुंब, वरच्या वॉर्डांत खाट नाही म्हणून तपासून झालेले रुग्ण खालीच अडकून पडलेले, आणि व्यवस्थापनाच्या बाई येऊन विचारताहेत की रुग्णांच्या समाधानाचे आकडे का घसरले. एक निवासी डॉक्टर हे सांगताना हसत होती. आमच्याकडे समाधानाचे आकडे काढत नाहीत तेवढे बरे, असे तिचे म्हणणे.

शॉक द्या ना, डॉक्टर

मालिकांतले वैद्यक किती खरे, हा प्रश्न पांडित्याचा वाटेल. तो तसा नाही. त्याचा हिशेब कॅज्युअल्टीत रोज होतो.

१९९६मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक गमतीदार दिसणारा पण गंभीर अभ्यास आला. तिघा संशोधकांनी 'ईआर'सह तीन अमेरिकी मालिका बघून, हृदय बंद पडलेल्या पात्रांचे पुढे काय होते ते मोजले. तीन चतुर्थांश पात्रे जागेवरच परत आली आणि दोन तृतीयांश तर ठणठणीत होऊन घरी गेली. खऱ्या आयुष्यात हे प्रमाण त्याच्या जवळपासही नसते. मुळात रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्यांपैकी अमेरिकेतसुद्धा दहातला एखादाच वाचून घरी जातो.

मॉनिटरवरची सरळ रेघ आणि 'क्लिअर!' म्हणत दिलेला विजेचा झटका हा तर मालिकांचा हातखंडा प्रसंग. सरळ रेघेला झटक्याचा उपयोग नसतो. हृदयाचे ठोके अस्ताव्यस्त थरथरत असतील तर झटका ती थरथर थांबवून लय परत यायला संधी देतो. जिथे काहीच हालचाल नाही तिथे छाती दाबत राहणे आणि अ‍ॅड्रेनलिन देणे एवढेच हाती असते. पण नातेवाईकांनी वेगळे पाहिलेले असते. "शॉक का देत नाही?" हा प्रश्न आपण किती वेळा ऐकला असेल याची गणती नाही, असे डॉक्टर सांगतात. त्या क्षणी हृदयाची विद्युत-रचना समजावून सांगणार कोण आणि ऐकणार कोण?

पडद्यावर छाती दाबतानाही कोपरे वाकलेले असतात. त्याला कारण साधे आहे: खाली झोपलेला नट जिवंत असतो. खरी छाती पाच सेंटिमीटर तरी खाली जावी लागते, हात ताठ ठेवून, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा. फासळ्या मोडण्याचा आवाज येतो. दोन मिनिटांत दाबणारा घामाघूम होतो आणि मागे दुसरा तयार उभा लागतो. पालिका रुग्णालयात हा दुसरा बहुतेक वेळा इंटर्न असतो.

सगळे संपल्यावर डॉक्टर ईसीजीची पट्टी काढतात आणि ती सरळ रेघ केसपेपरला जोडतात. उद्या कुणी विचारले तर पुरावा हवा. ती पट्टी जोडण्याचा प्रसंग मी अजून एकाही मालिकेत पाहिलेला नाही.

इमर्जन्सी डे

केईएम १९२६ साली सुरू झाले. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात भारतीयांना प्राध्यापकपदे मिळत नव्हती, म्हणून देणगीदारांनी इथे भारतीयच शिकवतील अशी अट घातली होती. साधारण अठराशे खाटा, आणि रुग्णालयाच्याच माहितीनुसार वर्षाला अठरा लाखांच्या घरात बाह्यरुग्ण. इथे, आणि शीव, नायर, जेजे, पुण्याचे ससून अशा कुठल्याही मोठ्या शिक्षण-रुग्णालयात काम चालते ते 'युनिट' नावाच्या एककावर. मालिकांना ते अजून सापडलेले नाही.

एका विभागात अनेक युनिटे. प्रत्येक युनिटला प्रमुख, त्याखाली एक-दोन शिक्षक डॉक्टर, आणि त्याखाली पदव्युत्तर शिक्षण घेणारे तीन वर्षांचे निवासी. आठवड्याचे वार वाटून दिलेले: एक दिवस ओपीडीचा, एक-दोन ऑपरेशनचे, आणि एक इमर्जन्सीचा. त्या चोवीस तासांत त्या विभागाकडे येणारा प्रत्येक तातडीचा रुग्ण याच युनिटच्या पदरात. कुणाची इमर्जन्सी कुठल्या वारी, हे रुग्णालयातल्या चहावाल्यालाही पाठ असते.

आता एक रुग्ण आत येऊ द्या. पोटात दुखते म्हणून पालघरहून आणलेला चाळिशीचा माणूस समजा. कॅज्युअल्टीतले वैद्यकीय अधिकारी त्याला पाहतात, केसपेपर निघतो, आणि सर्जरीला 'कॉल' जातो. कॉल घेतो तो पहिल्या वर्षाचा निवासी. तोच हकिकत लिहितो, सुई लावतो, नाकातून नळी घालतो, रक्त काढतो. रक्ताच्या नळ्या प्रयोगशाळेत नेणार नातेवाईक किंवा वॉर्डातले 'मामा', म्हणजे वॉर्डबॉय. दोघेही नसले तर पुन्हा हाच. मग एक्स-रे. ट्रॉलीला माणूस हवा. मालिकेत ट्रॉलीच्या चारही बाजूंना ज्येष्ठ सर्जन धावत असतात. इथे पुढचा भाग मामा ओढतात आणि मागून रुग्णाचा मेहुणा ढकलतो. एक्स-रेत आतडे फुटल्याची खूण दिसली की दुसऱ्या वर्षाच्या निवाशाला फोन, तो बघून तिसऱ्या वर्षाच्याला सांगणार, तो सरांना. ऑपरेशन थिएटरमध्ये एक केस आधीच चालू असते आणि तिच्या मागे दुसरी. भूलतज्ज्ञ एकच. आता ठरवायचे, कोण आधी.

खरे नाट्य या 'कोण आधी'त आहे. सीटीला कोण आधी, आयसीयूतल्या एका रिकाम्या खाटेवर कोण, उरलेला व्हेंटिलेटर कुणाला. व्हेंटिलेटर नसेल तर अ‍ॅम्बू बॅग. रबरी फुगा दाबून श्वास द्यायचा, आणि तो रात्रभर दाबत बसणारा अनेकदा रुग्णाचा मुलगाच असतो. दाबायचे कसे हे निवासी त्याला दोन मिनिटांत शिकवतो आणि पुढच्या कॉलला पळतो. मुलगा थांबला तर काय होईल, हे दोघांनाही ठाऊक असते.

वॉर्डात खाटा संपतात. मग दोन खाटांच्या मधे जमिनीवर गादी. डॉक्टर तिला 'फ्लोअर बेड' म्हणतात आणि त्यात त्यांना काही वावगे वाटत नाही. रुग्णाला परत पाठवायचे नाही हा या रुग्णालयांचा अलिखित नियम त्या गादीवर पाळला जातो. सकाळी राउंड. सर येण्याआधी प्रत्येक रुग्णाचे तपासणी अहवाल पाठ हवेत, ड्रेसिंग झालेले हवे, कागद जागेवर हवेत. एखादा अहवाल राहिला तर वॉर्डभर ऐकू जाईल असा उद्धार. त्यानंतर आंघोळ, जमली तर. मग ओपीडी.

भारतात निवासी डॉक्टरांच्या कामाचे तास ठरवणारा केंद्राचा नियम १९९२पासून आहे: सलग बारा तासांहून अधिक नाही, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास. वसतिगृहाच्या पायऱ्यांवर हा नियम वाचून दाखवला तेव्हा सगळ्यात मोठा हशा त्यालाच पडला.

सिस्टर कुठे आहेत?

निखिल अडवाणी यांची 'मुंबई डायरीज २६/११' ही मालिका २०२१मध्ये आली. 'बॉम्बे जनरल' हे काल्पनिक सरकारी रुग्णालय, मुंबईवरच्या अतिरेकी हल्ल्याची रात्र, कॅज्युअल्टीत जखमी पोलीस आणि जखमी अतिरेकी एकाच वेळी. उपचार कुणावर आधी? मोहित रैनाचा डॉक्टर कौशिक ओबेरॉय हडेलहप्पी आहे, नियम मोडतो, आरडाओरडा करतो. नायकाने असेच असावे हा आपल्याकडचा संकेत. पण या मालिकेने मोडकी यंत्रे, संपलेले सामान आणि चिरडीला आलेले कर्मचारी दाखवले. मृण्मयी देशपांडेने केलेली इंटर्न आपल्याकडच्या छोट्या शहरातून आलेल्या मुलीसारखी वाटते. हिंदीत एवढेही आधी झाले नव्हते.

तरीही त्या रात्रीची मुंबईतली सर्वांत विलक्षण रुग्णालय-कथा एका परिचारिकेची आहे. कामा रुग्णालयात रात्रपाळीवर असलेल्या अंजली कुलथे यांनी अतिरेकी आवारात शिरताना पाहिले. वॉर्डात वीस गरोदर स्त्रिया होत्या. कुलथेंनी दारे लावली, सगळ्यांना मागच्या लहानशा पँट्रीत नेऊन बसवले, दिवे मालवले. त्याच गोळीबारात एकीला कळा सुरू झाल्या, तेव्हा तिला भिंतीच्या कडेकडेने प्रसूतिगृहात पोहोचवले. पुढे त्यांनी कसाब या अतिरेक्याला ओळखले, आणि डिसेंबर २०२२मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे साक्ष दिली. न्यायालयात उभे राहतानाही त्यांच्या अंगावर गणवेश होता.

रुग्णालयात चोवीस तास रुग्णाजवळ असते ती सिस्टर. औषध देणारी तीच, श्वास बदललेला पहिल्यांदा टिपणारी तीच, नवख्या निवाशाला हळूच 'डॉक्टर, डोस बघा' म्हणणारीही तीच. पहिल्या वर्षाच्या निवाशाला वॉर्डातल्या जुन्या सिस्टरने जे शिकवले ते कुठल्या पुस्तकात नव्हते, हे प्रत्येकाने आपणहून सांगितले. मालिकांत मात्र ती हातात ट्रे घेऊन डॉक्टरांच्या संवादातून मार्ग काढताना दिसते. वॉर्डातले मामा आणि मावशी, म्हणजे आया, तर दिसतही नाहीत. दिसलेच तर विनोदापुरते. 'द पिट'ने इथे हिशेब चुकता केला. तिथली मुख्य परिचारिका डेना ही विभागाची खरी चालक आहे. ती भूमिका करणाऱ्या कॅथरीन लानासालाही २०२५मध्ये एमी मिळाला.

आणि केईएमचेच सांगायचे तर, अरुणा शानबाग. २७ नोव्हेंबर १९७३ला रुग्णालयातच झालेल्या हल्ल्यानंतर ही परिचारिका जवळजवळ बेचाळीस वर्षे, १८ मे २०१५पर्यंत, चार नंबर वॉर्डाजवळच्या खोलीत होती. परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या. ज्यांनी तिला कधी चालता-बोलताना पाहिले नव्हते त्याही तिला भरवत, पुसत, कूस बदलत राहिल्या. २००९मध्ये सर्वोच्च न्यायालयात तिच्या दयामरणाची याचिका आली, तेव्हा विरोध केला तो याच रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांनी. त्यांचे बरोबर होते की याचिकेचे, यावर माझे मत आजही ठरत नाही. पण रुग्णालयातले नाते म्हणजे काय, याचे याहून मोठे उदाहरण मला माहीत नाही.

प्रेम करायला वेळ कुणाला

आपल्या वाहिन्यांनी डॉक्टरांकडून मुख्यतः प्रेम करवून घेतले. १९९१मध्ये विजया मेहता यांनी दूरदर्शनवर 'लाइफलाइन' केली, तेव्हा रुग्णालय हा गंभीर नाट्यविषय होऊ शकतो असे वाटले होते. २००२मध्ये स्टार प्लसवर 'संजीवनी' आली. मोहनीश बहलचा समंजस डॉक्टर शशांक, हाताखाली चार इंटर्न, आणि त्यांच्यातले चौकोन. २००७मध्ये त्याच वळणाची 'दिल मिल गये'. स्टेथोस्कोप गळ्यातल्या दागिन्यासारखा, केस वाऱ्यावर. पण तिचे श्रेय नाकारू नये. आज तिशीत असलेल्या किती तरी डॉक्टरांनी वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचा अभ्यास या मालिकेच्या जाहिरातींच्या मधल्या वेळात केला. दोघींनी तसे माझ्याजवळ कबूल केले, एकीने जरा लाजून.

प्रेमे रुग्णालयात होतात, लग्नेही होतात. ज्याच्याबरोबर दिवसाचे अठरा तास जातात त्याच्याशीच होणार. पण तिथले मुख्य नाते प्रेमाचे नसते, ते सिनिअर-ज्युनिअरचे असते. ड्यूटी लिस्ट कोण लावतो, सुट्टी कोण देतो, केस करायला कुणाला मिळते, सरांपुढे कोण कुणाला सावरते आणि कोण तोंडघशी पाडते. या नात्यातून आयुष्यभराची दोस्ती होते, आणि याच नात्यात माणूस चिरडलाही जातो. २२ मे २०१९ला नायर रुग्णालयाशी संलग्न महाविद्यालयात स्त्रीरोग विभागात शिकणाऱ्या डॉ. पायल तडवी यांनी आत्महत्या केली. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळ केल्याचा कुटुंबाचा आरोप आहे आणि प्रकरण न्यायालयात आहे. आदिवासी समाजातून आलेली, आपल्या घरातली पहिली डॉक्टर. ड्यूटी लिस्टमध्ये जात कशी शिरते, ही गोष्ट कुठल्याही मालिकेने सांगितलेली नाही.

मालिकांत ड्यूटी रूम चुंबनासाठी असते. ऑगस्ट २०२४मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात दीर्घ ड्यूटीनंतर एक निवासी डॉक्टर सेमिनार हॉलमध्ये विश्रांती घेत होती. तिथेच तिच्यावर बलात्कार झाला, तिचा खून झाला. देशभरातले निवासी रस्त्यावर आले आणि सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय कृतिदल नेमले. पुढे आलेल्या मागण्यांत एक अगदी साधी होती: झोपायला कडी लागणारी, वेगळी खोली.

दोन पास

'द पिट'मध्ये तासन्‌तास ताटकळलेला एक माणूस बाहेर गाठून डेनाला ठोसा मारतो. मुंबईत हा भाग पाहणाऱ्यांना आठवले ते धुळे. मार्च २०१७मध्ये तिथल्या सरकारी रुग्णालयात डोक्याला मार लागलेला रुग्ण आला. तिथे न्यूरोसर्जन नव्हता. दुसरीकडे न्यावे लागेल म्हणून सांगणाऱ्या अस्थिरोग विभागातल्या निवाशाला जमावाने इतके मारले, की त्याच्या डोळ्याला कायमची इजा झाली. त्यानंतर राज्यभर निवासी सामूहिक रजेवर गेले. वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्यांविरुद्धचा राज्याचा कायदा तोपर्यंत सात वर्षांचा झाला होता. संपानंतर सुरक्षारक्षक वाढले आणि एका रुग्णामागे दोनच पास ही पद्धत कडक झाली.

नातेवाईक राक्षस नसतात. कर्ज काढून, एसटी बदलत आलेल्या माणसाला दोन दिवसांत कुणी पाच मिनिटे उभे राहून काय झाले आहे ते सांगितलेले नसते. सांगणारा निवासी त्याच्या धाकट्या मुलाच्या वयाचा, छत्तीस तास जागा, आणि त्याच्या मागे आणखी चाळीस जण. वाईट बातमी कशी सांगावी हे त्याला कुणी शिकवलेले नसते. अलीकडे एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात संवादाचा भाग आला आहे, पण रात्री तीनला कॅज्युअल्टीत तो आठवतो का, हा प्रश्न आहेच. मालिकांतला डॉक्टर थिएटरबाहेर येतो, चष्मा काढतो, खांद्यावर हात ठेवतो आणि कॅमेरा नातेवाईकाच्या चेहऱ्यावर जातो. पुढची वीस मिनिटे कधीच दाखवत नाहीत. पोलिसांना कळवणे, शवविच्छेदन करायचे की नाही, शववाहिनी, गावी नेण्याचा खर्च, आणि त्या सगळ्यात एक सही राहिली म्हणून परत मारलेला हेलपाटा.

मराठीत का नाही?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळतो. मराठी रंगभूमीइतके डॉक्टर दुसऱ्या कुठल्या भाषेच्या रंगभूमीवर क्वचितच सापडतील. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन. डॉ. काशिनाथ घाणेकर दंतवैद्य. दौंडला दवाखाना चालवणारे डॉ. जब्बार पटेल यांनी 'घाशीराम कोतवाल' बसवले आणि त्यात नाना फडणवीस झाले मनोविकारतज्ज्ञ डॉ. मोहन आगाशे. डॉ. गिरीश ओक आहेत, केईएमच्याच महाविद्यालयात शिकलेले डॉ. अमोल कोल्हे आहेत. एवढे डॉक्टर नट असलेल्या भाषेत डॉक्टरांवरची एक नाव घेण्याजोगी मालिका नसावी? 'झी युवा'वर 'डॉक्टर डॉन' येऊन गेली, पण तो डॉनचा विनोदी खेळ होता, रुग्णालय नावापुरते.

साहित्य नाही असेही नाही. डॉ. अरुण लिमये यांच्या 'क्लोरोफॉर्म'ने वैद्यकीय व्यवसायाची आतली बाजू उघडी केली. डॉ. रवी बापट यांच्या 'वॉर्ड नंबर पाच, केईएम'मध्ये तर मालिकेची चार वर्षे भरतील इतकी माणसे आहेत: गिरणी कामगार, गुंड, नगरसेवक, भांडकुदळ प्राध्यापक, जिवाला जीव देणारे वॉर्डबॉय. अजित दळवींच्या 'डॉक्टर तुम्हीसुद्धा' या नाटकाने वैद्यकीय हलगर्जीपणाचा प्रश्न मंचावर आणला. कागदावर सगळे आहे.

अडते ते कारखान्यात. दैनंदिन मालिकेला आठवड्याला सहा भाग लागतात आणि रोज जवळजवळ एका भागाचे चित्रीकरण उरकावे लागते. त्याला सोयीचे म्हणजे घर. दिवाणखाना, स्वयंपाकघर, दोन खोल्या, सात-आठ माणसे. कॅज्युअल्टीच्या एका दृश्याला चाळीस ज्युनिअर कलाकार लागतात, यंत्रे लागतात, सुई कशी धरायची हे शिकवणारा माणूस लागतो. म्हणून मराठी मालिकेतला डॉक्टर दवाखान्यातून घरी येतो आणि सासू-सुनेच्या भांडणात बसतो. 'मुंबई डायरीज'चा पहिला हंगाम आठ भागांचा होता. 'द पिट'चा पंधरा. हा विषय तेवढ्याच मापाचा आहे. रोज रात्री साडेआठला तो चालणार नाही आणि त्याला तिथे बसवूही नये. पण आठ भागांची मालिका काढण्याइतका पैसा आता मराठीत आहे. नाही ती वॉर्डात चार महिने काढणाऱ्या लेखकाची तयारी.

तेव्हा वाहिन्यांना नव्हे, वाचकांनाच सांगतो. दिवाळी अंक अजूनही वसतिगृहांच्या कॉमन रूममध्ये आणि परिचारिकांच्या चेंजिंग रूममध्ये फिरतात, हे मी पाहिले आहे. तुमच्यापैकी कुणी निवासी असेल, सिस्टर असेल, निवृत्त मामा असतील, तर एक इमर्जन्सी डे सकाळी आठपासून दुसऱ्या सकाळी आठपर्यंत जसा घडला तसा लिहून काढा. रुग्णाचे नाव, गाव, ओळख पटेल असे काहीही नको. भाषा वॉर्डातलीच ठेवा. आणि ते वाहिनीकडे पाठवण्याआधी आमच्यासारख्या एखाद्या अंकाकडे पाठवा. लेखांसाठी संपादक पावसाळ्यातच वाट पाहू लागतात.